ताईच्या शेजारचं घर

हे घडलं तसंच लिहिणार आहे. पदरचं काही घालणार नाही. उलट दोन-तीन गोष्टी गाळणार आहे, कारण त्या लिहायला हात धजत नाही.

या पानावरचे अनुभव मी पूर्वी जेवताना वाचायचे. मजा म्हणून. आता वाचवत नाहीत.

असल्या गोष्टी रात्री घडतात असं सगळ्यांना वाटतं. अंधार, वारा, कुत्र्यांचं रडणं.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं.

लख्ख ऊन होतं. सोमवारची दुपार होती. दोरीवर कपडे वाळत होते. भिंतीपलीकडे माझी सख्खी बहीण भांडी घासत होती.

आणि माझी लेक गच्चीच्या कठड्यावर उभी होती.

थांबा. पहिल्यापासून सांगते.

माझे मिस्टर शीतगृहाची मशिनं दुरुस्त करतात. मोठमोठे कॉम्प्रेसर, थंडगार खोल्या, ते सगळं. त्यांची बदली झाली आणि आम्हाला गाव बदलावं लागलं. मी कानाच्या डॉक्टरांकडे काम करते. ऐकण्याची तपासणी. पेशंटला एका छोट्या बंद खोलीत, म्हणजे बूथमध्ये, बसवायचं, हेडफोन लावायचे, मी काचेबाहेरून बारीक बारीक आवाज सोडायचे, आणि ऐकू आला की त्याने हात वर करायचा. असं काम कुठेही मिळतं. त्यामुळे माझी चिंता नव्हती.

चिंता होती चिंगीची. आमची लेक. चार वर्षांचीही नव्हती तेव्हा. नवं गाव, नवी शाळा, आम्ही दोघं कामावर.

पण त्या गावात माझी ताई होती.

ताई म्हणजे काय, हे सांगायला हवं. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते. ताई कॉलेजात. तिने कॉलेज सोडलं नाही आणि मलाही सोडलं नाही. माझी वेणी, माझा डबा, माझं पहिलं दुखणं, माझं लग्न, माझं बाळंतपण. सगळं ताई. लोक म्हणतात माय मरो आणि मावशी जगो. चिंगीची मावशी ही अशी होती. मी डोळे मिटून तिच्या हातात लेक दिली असती.

दिलीच.

घर बघायला आम्ही एका रविवारी गेलो. दोन ठिकाणं होती.

पहिलं टेकडीवर. नव्या इमारती, अर्ध्याअधिक बाल्कन्या अजून रिकाम्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर होता. खिडकी उघडली की वारा असा आत यायचा की कॅलेंडर भिंतीवर फडफडायचं. खाली मुलांसाठी घसरगुंडी होती. मिस्टर खिडकीत उभे राहून लहान पोरासारखे म्हणाले, "अगं, इथनं आमचं शीतगृह दिसतं!"

"बायको दिसली नाही तरी चालेल, कॉम्प्रेसर दिसला पाहिजे," मी म्हणाले.

पण शाळा खाली होती. दवाखानाही खाली होता. चिंगीला बसने पाठवावं लागणार होतं.

दुसरं घर ताईच्या शेजारी. एका ओळीत बांधलेली जुनी घरं, दोन घरांमध्ये एकच भिंत. खाली दोन खोल्या, वर एक खोली, त्याच्यावर गच्ची. पुढे हातभर अंगण. शाळा कोपऱ्यावर. आमचं घर ओळीतलं शेवटचं, आणि बरेच दिवस रिकामं होतं. ताईनेच शोधून ठेवलं होतं.

"टेकडीवर कशाला मरायला जाता?" ताई जेवताना म्हणाली. "पाणी एक दिवसाआड येतं तिथे. साप निघतात. त्या वाऱ्याने तिथली पोरं बारा महिने खोकतात. आणि चिंगीला शाळेतून आणणार कोण? इथे मी आहे ना!"

भाऊजी, म्हणजे ताईचे मिस्टर, लांब पल्ल्याच्या बसवर ड्रायव्हर आहेत. अबोल माणूस. महिन्यातले निम्मे दिवस गाडीवर. ते ताटाकडे बघत हळूच म्हणाले, "टेकडीवर हवा मोकळी आहे. मी तर म्हणेन..."

ताईने हातातली वाटी आपटली.

"तुम्हाला काय कळतंय? तुम्ही घरी असता कधी?"

भाऊजींनी पुढचा घास घेतला. मला वाटलं, नवरा-बायकोचं नेहमीचंच.

त्या दिवशी मला एक गोष्ट मात्र खटकली होती. माझ्या कामामुळे खटकली.

ताईचा मुलगा टिल्लू तेव्हा सहा वर्षांचा होता. मी स्वयंपाकघरातून त्याला हाक मारली, "टिल्लू, पाणी घेऊन जा रे!" तो आला नाही. मी बाहेर जाऊन बघितलं, तर तो दाराशी उभा होता. अंग चोरून. माझ्या डोळ्यांकडे नाही, माझ्या ओठांकडे बघत होता. ज्या मुलांना ऐकू कमी येतं, ती असं बघतात.

मग ताईने टाळ्या वाजवल्या... आणि तो धावत गेला.

दिवसभर तेच. जेवायला बोलवायचं, टाळी. आंघोळीला, टाळी. ताईने एकदाही त्याचं नाव घेतलं नाही.

मी विचारलं, "ताई, याचे कान तपासलेस का गं?"

ती हसली. "तुझं दुकान इथे मांडू नकोस. खेळ आहे तो आमचा."

मीही हसले. आपल्या माणसावर आपण शंका घेत नाही.

परतीच्या वाटेत मिस्टर म्हणाले, "मला टेकडीच बरी वाटते. पण तुझं मन इथे असेल तर इथे. एकीचं ऐकायची सवय आहेच, आता दोघींचं ऐकेन."

आम्ही ताईच्या शेजारचं घर घेतलं.

पहिले काही दिवस फार छान गेले. मी सकाळी दवाखान्यात जायचे. चिंगी शाळेतून ताईकडे. दुपारी मी घरी. ताई दारातून आत येतानाच "काय गं, जेवलीस का?" विचारायची. मला पुन्हा आई मिळाल्यासारखं झालं होतं.

एका दुपारी अंगणातून आवाज आला.

"टिल्लूऽ! अरे टिल्लू! जेवायला ये!"

ताईचा आवाज. चांगला खणखणीत.

टिल्लू धावत आला. ताईने त्याला उचललं. एवढ्या मोठ्या पोराला उचललं, आणि त्याच्या मानेत तोंड खुपसून रडायला लागली. रडता रडता हसत होती. पुन्हा पुन्हा त्याचं नाव घेत होती. टिल्लू, टिल्लू, टिल्लू.

मी खिडकीतून बघत होते. मला वाटलं, मी आल्यामुळे ताई किती सुखात आहे बघा.

त्याच आठवड्यात आमच्याकडे सुरू झालं.

मी कपड्यांच्या घड्या घालत होते. चिंगी माझ्याच पुढ्यात फरशीवर चित्र रंगवत होती. एकदम तिने मान वर केली.

"आले!"

आणि जिन्याकडे पळाली.

"अगं, कुठे निघालीस?"

ती पायरीवर थबकली. माझ्याकडे बघितलं. मग वर बघितलं. तिच्या कपाळाला आठी पडली.

"तू वरून बोलावलंस ना?"

"मी इथे आहे ना राणी."

"हो... पण तू वरून बोलावलंस."

मुलं काहीही बोलतात. मी सोडून दिलं.

मग ते रोजचं झालं. नेहमी दुपारी. नेहमी वरच्या खोलीतून. चिंगी "आले!" म्हणायची आणि पळायची. एकदा मी मागोमाग वर गेले. वरच्या खोलीत आम्ही काहीच ठेवलं नव्हतं, रिकामे खोके सोडले तर. चिंगी खोलीच्या मधोमध उभी होती. दोन्ही हात वर करून.

मूल उचलून घे म्हणताना करतं ना... तसं.

"काय करतेस चिंगे?"

तिने हात खाली घेतले. म्हणाली, "उचलणार होतीस. तू आलीस म्हणून थांबलीस."

हे वाक्य मी मनातल्या मनात किती वेळा घोळवलं असेल. उचलणार होतीस. तू आलीस म्हणून थांबलीस.

माझं ज्ञान मला काय सांगणार? कान तपास. मी चिंगीला दवाखान्यात नेलं, बूथमध्ये बसवलं, तिच्या डोक्याला मोठे वाटणारे हेडफोन लावले. खेळ म्हणून सगळी तपासणी केली. लहान मुलं पुष्कळदा आवाज नसतानाही हात वर करतात, मजा वाटते म्हणून. माझी लेक एकदाही चुकली नाही. आवाज सोडला की हात वर. नाही सोडला की गप्प बसून माझ्याकडे बघायची.

जे आहे तेच तिला ऐकू येत होतं. जे नाही ते येत नव्हतं.

दुसऱ्या कुठल्याही आईला आनंद झाला असता. मला नाही झाला.

मी ताईला सांगितलं. तिच्याशिवाय कुणाला सांगणार?

ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. क्षणभरच.

"नवीन घर आहे. भिंतीला भिंत. माझाच आवाज जात असेल पलीकडे," ती म्हणाली. "तुझा-माझा आवाज सारखाच आहे, लोक म्हणायचे की नाही?"

म्हणायचे. खरं होतं ते. मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच बसून तिच्या हातचा चहा प्यायले.

नंतर लक्षात आलं, त्या दिवशी तिने एकदाही माझ्याकडे बघितलं नव्हतं.

चिंगी बदलत चालली होती. मी हाक मारली की ती यायची नाही. दाराआड उभी राहून आधी माझ्या तोंडाकडे बघायची. ओठ हलतात का ते. मी "चिंगी" म्हटलं की विचारायची, "ही तू का?"

तरीही माझी ट्यूब पेटली नाही. आता लिहिताना माझाच मला राग येतो. पण डोळ्यांपुढे ताई उभी असेल तर तिच्यापलीकडचं दिसणार कसं?

मग तो सोमवार आला.

मी घरी होते. खालच्या खोलीत, फोनवर, मिस्टरांशी बोलत होते. गॅसची जोडणी करणारा माणूस केव्हा येणार, असलंच काहीतरी. चिंगी पलंगावर झोपली होती, असं मी समजत होते.

मिस्टर मधेच म्हणाले, "अगं, आधी तिला बघ. मग बोलू आपण."

"कुणाला?"

"चिंगीला. किती वेळ हाका मारतेयस. येत नाहीये का ती?"

मी हाक मारली नव्हती. एकदाही नाही.

"बघ, पुन्हा," ते हसून म्हणाले. "ये गं राणी, ये गं राणी... अगं, फोन ठेवून तरी मार हाका!"

माझ्या हातातून फोन पडला.

आणि घर गप्प झालं.

ही शांतता मला ओळखीची आहे. बूथचं जाड दार लावलं की अशी शांतता होते. कानात बोटं घातल्यासारखी. फ्रिजची घरघर गेली. पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज गेला. रस्ता गेला. ताईची भांडी गेली. मला फक्त माझा श्वास ऐकू येत होता.

आणि मग वरून...

"चिंगीऽ... ये गं राणी... घेते तुला..."

माझा आवाज.

आपला आवाज आपल्याला रेकॉर्डिंगमध्ये परका वाटतो. हा परका नव्हता. मला माझ्या डोक्याच्या आतून ऐकू येतो ना, अगदी तसा होता.

पलंग रिकामा होता.

मी जिना कसा चढले आठवत नाही. वरची खोली रिकामी. गच्चीचं दार उघडं. बाहेर कडक ऊन. चिंगी कठड्यावर उभी होती, माझ्याकडे पाठ करून. पायांची बोटं कठड्याच्या बाहेर. खाली बघत होती, दोन्ही हात पुढे करून. कुणीतरी खालून हात पसरले असावेत, तसं.

माझ्या तोंडापर्यंत हाक आली होती.

मी ती गिळली.

कारण हाक मारली असती तर कुठली आई खरी, हे तिने कसं ओळखलं असतं? माझ्या आवाजावर तर ती तिथे चढली होती.

दवाखान्यात अगदी लहान मुलांचे कान आम्ही पाठीमागून टाळी वाजवून बघतो. मूल वळलं की ऐकू येतंय. हाताला ती सवय आहे. मी टाळी वाजवली. जोरात.

चिंगी वळली.

मी पुढे झेपावून तिला कवेत घेतलं. दोघी गच्चीच्या तापलेल्या फरशीवर पडलो. माझं कोपर सोलवटलं. ती रडायला लागली, आणि त्या रडण्याबरोबर सगळे आवाज परत आले. रस्ता. पंखा. भिंतीपलीकडची भांडी.

मी तिला छातीशी धरून तशीच पडून होते. टाळीने माझे हात अजून चुरचुरत होते. त्या हातांकडे बघितलं...

आणि पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

टाळी.

ताईची टाळी.

चिंगीला कडेवर घेऊन मी ताईच्या दारात गेले. तिने माझं कोपर बघितलं, चिंगीचा चेहरा बघितला. काही विचारलं नाही. ते न विचारणंच सगळं सांगत होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

ती ओले हात पुसत राहिली. पुसून झाले तरी पुसत राहिली.

"टिल्लूचा हात मोडला होता ना," शेवटी ती म्हणाली. "सायकलवरून पडला असं तुम्हाला सांगितलं. सायकलवरून नव्हता पडला तो."

"ताई, तुला माहीत होतं!"

"आम्ही इथे आलो तेव्हा तुमच्या घरात एक कुटुंब होतं. त्यांचं लेकरू टिल्लूपेक्षा मोठं होतं. ती बाई मला म्हणाली, या ओळीसारखी जागा नाही, जरूर या. आम्ही आलो आणि ते तिच्या मुलाला सोडून माझ्या टिल्लूकडे आलं. ते लहानाकडे जातं. ती बाई लगेच घर सोडून गेली. जाताना माझ्या नजरेला नजर दिली नाही तिने." ताईचा आवाज चिरकला. "मी माझ्या पोराला नावाने हाक मारू शकत नव्हते गं. माझ्या आवाजाला घाबरायचा तो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, तुझ्या डोक्यात भरलंय. ह्यांना कधी ऐकूच आलं नाही. ह्यांच्या आईचं घर आहे हे, म्हणून ह्यांना ते सोडवत नाही."

"म्हणून तू मला बोलावलंस."

"मला नक्की माहीत नव्हतं."

"चिंगी टिल्लूहून लहान आहे, हे माहीत होतं."

ती पुन्हा हात पुसायला लागली.

"आज ती गच्चीवरून पडली असती. माझं लेकरू आहे ते, ताई!"

तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा सरळ बघितलं असेल.

"माझंही लेकरूच होतं," ती म्हणाली.

बस. एवढंच. माफ कर नाही, चुकलं नाही.

केसाने गळा कापणं हा वाक्प्रचार आपण उगाच कुठेही वापरतो. मी आता वापरत नाही. ज्या हातांनी माझे केस विंचरले, त्याच हातांनी कापला गळा.

आम्ही त्याच संध्याकाळी निघालो. मिस्टरांनी एक प्रश्न विचारला नाही. फोनवरून त्यांनी जे ऐकलं होतं ते पुरेसं होतं. टेकडीवरचा तोच फ्लॅट अजून रिकामा होता.

तिथे पाणी रोज येतं. साप आजवर कुणी बघितला नाही. चिंगीला साधी शिंकही आली नाही. शाळेची बस इमारतीच्या दारात थांबते. ताईने सांगितलेली एकेक गोष्ट मी तपासून बघायचे, आणि प्रत्येक वेळी नव्याने कुणीतरी तोंडात मारल्यासारखं व्हायचं.

चिंगी हळूहळू सुधारली. मिस्टर तिला हाक मारायचे, मी टाळी वाजवायचे. मग एक दिवस मी न राहवून स्वयंपाकघरातून नाव घेतलं, आणि ती आली. ओठांकडे न बघता आली. त्या दिवशी मीही रडले. ताई त्या अंगणात का रडली होती, ते कळलं. कळलं, म्हणून राग कमी झाला नाही.

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

पावसाळा सरल्यावर आम्ही उरलेलं सामान आणायला गेलो. वॉशिंग मशीन आणि लोखंडी कपाट त्या घरात राहिलं होतं. चिंगीला शाळेत सोडून, टेम्पो घेऊन, दिवसाउजेडी. मी आत जायचं नाही असं ठरलं होतं. मी अंगणातच उभी. मिस्टर आणि टेम्पोवाला कपाटाला बांधायची दोरी कापत होते.

ताई तिच्या अंगणात आली. किती वाळली होती! टिल्लू नव्हता. भाऊजींनी त्याला त्यांच्या बहिणीकडे ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं. आम्ही गेल्यावर ते पुन्हा त्याच्याकडे वळलं होतं, आणि या वेळी भाऊजी घरी होते. या वेळी त्यांनाही ऐकू आलं.

आम्ही दोघी एकमेकींसमोर उभ्या होतो. मधे गुडघाभर भिंत. तिचे डोळे भरून आले होते. माझेही आले असावेत. ती काहीतरी बोलणार होती. मला वाटतं, तेच बोलणार होती, जे त्या दिवशी बोलली नाही.

तेवढ्यात रस्त्याचा आवाज गेला.

टेम्पोवाल्याचा आवाज गेला.

मी दात घट्ट आवळले. ओठ मिटले. मुद्दाम.

आमच्या त्या रिकाम्या घराच्या वरच्या खोलीतून...

"ताईऽ... ये ना गं... मला झोप येत नाहीये..."

माझा आवाज. पण आताचा नाही.

दुसरीतला.

ताईचा चेहरा असा विरघळला की मी तो जन्मात विसरणार नाही.

"आले गं," ती म्हणाली. "आले, आले..."

आणि भिंत ओलांडून आमच्या अंगणात आली.

मी तिचा हात धरला. "ताई, मी नाही! मी इथे आहे! बघ माझ्याकडे!"

तिने बघितलं. माझ्या चेहऱ्यात काहीतरी शोधलं. तिथे जे होतं ते तिला दिसलं असणार. राग. इतक्या महिन्यांचा राग.

तिने हात सोडवून घेतला. हलकेच. आणि आत गेली.

मिस्टर तिच्या मागे धावले. मीही गेले, ठरवलेलं सगळं विसरून. वरच्या खोलीत ताई फरशीवर बसली होती, भिंतीला टेकून, पाय लांब करून. एक हात मांडीवर सावकाश फिरत होता. रिकाम्या मांडीवर. थोपटत होती.

तिने आमच्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," म्हणाली. "आत्ताच झोपलीये."

आम्ही तिला उठवून तिच्या घरी नेलं. भाऊजींना फोन केला. ती मुकाट्याने आली. सगळ्यांशी नीट बोलली. मला "सावकाश जा" म्हणाली. डॉक्टर म्हणतात, मनावर ताण आहे, विश्रांती द्या.

टिल्लू आता घरी परतलाय. त्याला कुणी हाक मारत नाही म्हणे, आईबापांशिवाय. ओळीतल्या कुठल्याच मुलाला मारत नाही. ते सगळं थांबलंय.

मी ताईला पुन्हा भेटले नाही. फोनही केला नाही. मिस्टर म्हणतात, आपलेच दात, आपलेच ओठ, किती दिवस धरून बसशील? मला जमत नाही. चिंगीचे ते पाय दिसतात, कठड्याबाहेर आलेले.

मागच्या आठवड्यात भाऊजींचा फोन आला. एवढं मोकळं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"तुमचे आभार मानायला केला," ते म्हणाले. "रोज दुपारी तिच्याशी फोनवर बोलता, त्याने फार फरक पडलाय. जेवते आता. हसते. परवा मला म्हणाली, तिने सगळं विसरून मला माफ केलं हो. आतल्या खोलीत दार लावून तुमचं चाललेलं असतं, तुमचाही आवाज येतो ना मला बाहेर. तिला वाटतं तुम्ही तिच्याकडे राहायला यावं. चिंगीला घेऊन. तुम्ही हो म्हणालात म्हणे?"

मी काहीच बोलले नाही.

"हॅलो?" भाऊजी म्हणाले. "ऐकू येतंय ना?"